जुन्या गाडीचे मोल

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरात जुन्या वस्तूंना कधी कमीपणा नव्हता. माझी शाळेची पुस्तके वरच्या इयत्तेतल्या मुलींकडून निम्म्या किमतीत यायची, सायकल भंगारवाल्याकडून आली होती आणि आईचे शिलाई यंत्र आमच्याकडे येण्यापूर्वी दोन घरे फिरून आले होते. पुस्तक घेताना पाने मोजायची, सायकलीचे चाक उचलून फिरवून बघायचे, यंत्रावर चिंधी शिवून टाका तपासायचा, हे आम्हाला कुणी मुद्दाम शिकवले नाही. ज्याला नवे परवडत नाही त्याला पारख यावीच लागते. नवी वस्तू घेणारा हमीपत्रावर विसंबतो. जुनी घेणाऱ्याजवळ स्वतःचे डोळे आणि फार तर एखादा जाणता माणूस, एवढेच असते.

पण पुस्तक फसले तर तीस रुपये जातात. मोटार फसली तर घर बसते. म्हणून गेल्या वर्षी आमच्या घरात जुनी मोटार घ्यायची गोष्ट निघाली तेव्हा सगळ्यांचीच झोप उडाली. मोटारीची हौस म्हणाल, तर ती कुणालाच नव्हती. आईची मूत्रपिंडे निकामी झाल्यापासून तिला आठवड्यातून दोनदा डायलिसिस करावे लागते. जिल्ह्याचे रुग्णालय आमच्या गावापासून ३२ किलोमीटर. उपचार शासनाच्या योजनेतून होतात. पण योजना रुग्णाला रुग्णालयात बरा करते, घरून नेत-आणत नाही. चार तास यंत्राला लावलेले शरीर घेऊन एस. टी.च्या फलाटावर उभे राहणे म्हणजे काय, हे ज्याने आपले माणूस तसे उभे केले आहे त्यालाच कळेल. म्हणून भाड्याची गाडी. जाऊन-येऊन ९०० रुपये. वर्षाच्या १०४ फेऱ्या, म्हणजे ९३,६०० रुपये. आप्पा बाजार समितीत हमाली करतात. एवढे बोलले म्हणजे पुरे.

दादा एका व्यापाऱ्याचा टेम्पो रात्रपाळीला चालवतो, त्यामुळे घरात चालक होता. गाडी नव्हती. हिशेब मीच मांडला. येऊन-जाऊन ६४ किलोमीटर, लिटरला १६ किलोमीटर धरले तर चार लिटर पेट्रोल, लिटरला १०५ रुपयांप्रमाणे ४२० रुपये. वर्षाचे ४३,६८०. म्हणजे जवळजवळ पन्नास हजार वाचतात. भिशीचे आणि आईच्या बचत गटाच्या कर्जाचे मिळून आमच्याजवळ ६५ हजार उभे राहत होते. एवढ्यात येईल आणि आमच्या रस्त्यावर टिकेल अशी गाडी कोणती? गॅरेजवाले मामा एका शब्दात म्हणाले, "एट हंड्रेड."

मारुती ८०० माझ्या जन्माच्या कितीतरी आधीची. तिची पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधींच्या हस्ते ग्राहकाला देण्यात आली. तेव्हा किंमत पन्नास हजारांच्या आसपास होती. १९८६ साली तिचे रूप बदलले, पुढे कार्बोरेटर जाऊन इंधन फवारणारी यंत्रणा आली, आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तीन सिलिंडरचे ७९६ सी. सी. चे छोटे इंजिन आणि बारा इंची चाके. गेली ती गेली, पण रस्त्यावरून गेली नाही. लाखोंच्या संख्येने ती बनली, तशाच घडणीचे इंजिन ओम्नीलाही होते, त्यामुळे तालुक्याच्या कुठल्याही दुकानात तिचा भाग मिळतो आणि कुठल्याही झाडाखालचा मिस्त्री तिला खोलू शकतो. मामांच्या मते जुन्या गाडीचा हा पहिला गुण. "गाडी बिघडणारच. ती कुठं बिघडली आणि तिथं दुरुस्त होईल का, एवढं बघायचं," असे ते म्हणतात.

गाडी ठरली, किंमत कशी ठरवायची? माझा स्वभाव पुस्तकात बघण्याचा, म्हणून मी आधी पुस्तकाकडे गेले. वाणिज्य शाखेतल्या मैत्रिणीने प्राप्तिकराच्या नियमातला घसारा सांगितला: मोटारीला दरसाल १५ टक्के, उरलेल्या किमतीवर. २००७ साली दोन लाखांच्या आसपास असलेली गाडी या हिशेबाने अठरा वर्षांनी पावणेअकरा हजारांवर येते. पण पावणेअकरा हजारांत बाजारात धड गाडी मिळत नाही. मग विम्याचे कोष्टक पाहिले. तिथे पहिल्या वर्षापासून पाचव्या वर्षापर्यंत किती टक्के वजा करायचे ते लिहिले आहे. त्यापुढे मात्र 'विमा कंपनी आणि मालक यांनी संमतीने ठरवावे' असे आहे. म्हणजे पाच वर्षांपुढे कोष्टकानेही हात टेकले.

शिवाय वय वाढले की किंमत उतरलीच पाहिजे, असाही काही नियम नाही. १९८०च्या दशकात नवी गाडी मिळायला नाव नोंदवून वाट पाहावी लागे. त्यामुळे हातातली वापरलेली मारुती किंवा बजाज स्कूटर मूळ किमतीपेक्षा चढ्या भावाने विकली जाई, असे आमच्या गल्लीतले वयस्कर लोक अजून सांगतात. गाडी तीच, लोखंड तेवढेच. थांबायची तयारी नसलेला माणूस जास्त पैसे मोजत होता. उलट सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या पेट्रोल मोटारींवरचा वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भावही खाली खेचला जातो. जुन्या गाडीला काहीच झालेले नसताना तिची किंमत बदलते! तेव्हा किंमत म्हणजे मोल नव्हे, एवढे मला पक्के कळले. मोल शोधायला गाडीजवळच जावे लागणार होते.

मामा सातवीपर्यंत शिकले. गाडी बघायला ते सकाळी सहाला निघतात. पहिल्यांदा मी विचारले, एवढ्या लवकर का? तर म्हणाले, "इंजिन थंड असताना बघायचं. तापलेलं इंजिन सगळ्याला हो म्हणतं." पोहोचल्यावर आधी बॉनेटवर तळहात ठेवायचा. ते गरम लागले तर मालकाने आपण येण्यापूर्वीच गाडी चालू करून ठेवली आहे, म्हणजे सकाळचा त्रास लपवायचा आहे. मग धूर. निळसर धूर असेल तर इंजिन ऑइल जाळते आहे. पांढरा धूर थंडीत थोडा वेळ येतो, त्याचे काही नाही. पण तो येतच राहिला तर पाणी आत शिरते आहे. ऑइलचे झाकण काढून आत बघायचे. तिथे ताकासारखा पांढरट थर दिसला तर पाणी आणि तेल एक झाले आहे. झाकण उघडे ठेवून इंजिन चालू केल्यावर तिथून भक्‌भक् धूर आला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या.

इंजिनापेक्षा मामा गंजाला जास्त भितात. या गाडीला वेगळी चासी नसते. पत्र्याचे अंगच सगळा भार पेलते. इंजिन उघडून बांधता येते, पण पत्रा आतून खाल्ला असेल तर गाडीचा कणाच गेला. म्हणून दाराखालची पट्टी, पायाखालचे मॅट उचलून तळ, बॅटरीखालची जागा आणि पुढच्या चाकांवरचे खांदे बघायचे. खिशात फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक असते. ते पत्र्यावरून फिरवायचे; जिथे ते धरत नाही तिथे रंगाखाली लांबी भरलेली आहे, म्हणजे तिथे कधीतरी ठोकर किंवा गंज झाकला आहे. किलोमीटरच्या काट्यावर ते विश्वास ठेवत नाहीत. काटा ४० हजार सांगत असेल आणि ब्रेकच्या पायपट्टीचे रबर गुळगुळीत झाले असेल, तर रबर खरे बोलते. टायरवर शेवटी चार आकडे असतात. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. टायरची नक्षी शाबूत असली तरी रबराचे वय त्यातून कळते. अलीकडे ते पेट्रोलच्या रबरी नळ्याही दाबून बघतात. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुन्या गाड्यांचे रबर त्या बेताने बनवलेले नव्हते.

अशा रीतीने आम्ही दोन गाड्या पाहिल्या. दोन्ही २००७ सालच्या. पहिली एका दलालाच्या आवारात होती. लालभडक नवा रंग, नवी सीटकव्हरे, आत सुवासिक बाटली. किंमत ४५ हजार. आप्पांचे डोळे चमकले. दादाने चावी फिरवली, गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. मामा काहीच बोलले नाहीत. त्यांनी फक्त पुढच्या सीटचा पट्टा धरून शेवटपर्यंत बाहेर ओढला. रोज वापरात तो पट्टा अर्धाच बाहेर येतो. आतला भाग कुणी धुवत नाही. त्या आतल्या भागावर मातकट रेघ होती. मग सीटखाली हात घालून बोट बाहेर काढले, त्यावर वाळलेला बारीक गाळ. मामा मला हळूच म्हणाले, "ही पाण्यात बसून आलीय." आमच्या सांगली जिल्ह्याने ऑगस्ट २०१९ चा पूर पाहिला आहे. कितीतरी मोटारी तेव्हा छतापर्यंत बुडाल्या होत्या. ही तेव्हाचीच की आणखी कुठल्या पुरातली, ते सांगता येणार नाही. पण पाणी उतरले तरी तारांच्या जोडांत आणि पत्र्याच्या पोटात त्याचे काम चालूच राहते.

दुसरी गाडी एका निवृत्त शिक्षकांची. पांढरा रंग पिवळटलेला, मागच्या दारावर पोचा, सीटला हाताने घातलेले टाके. किंमत ५८ हजार. म्हणजे दिसायला उणी आणि मागणीला तेरा हजारांनी दुणी! आप्पा माझ्या कानाशी म्हणाले, "मास्तरांना गाडीचं प्रेम आहे, त्याचे पैसे आपण कशाला द्यायचे?" पण मामांनी तपासायच्या आधीच गुरुजींनी दोन गोष्टी सांगितल्या. क्लच आता सहा महिन्यांचा सोबती आहे, आणि सकाळी दुसरा गिअर थोडा कुरकुरतो. नंतर त्यांनी आतून एक दोनशे पानी वही आणली. २००७ च्या पहिल्या तेलबदलापासून सगळे त्यात होते: तारीख, किलोमीटर, काय बदलले, किती पैसे. टायमिंगचा पट्टा कधी बदलला, टायर कधी घातले, पोचा कसा पडला. मामांनी इंजिन, तळ, धूर, टायर, सगळे बघितले. वहीत होते त्याहून वेगळे काही निघाले नाही.

इथे मला आमच्या अर्थशास्त्राच्या तासाची आठवण झाली. जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध प्रसिद्ध केला. अमेरिकेत खराब निघालेल्या मोटारीला बोलीत 'लेमन' म्हणतात. आपल्याकडे लिंबू गाडीला बाहेरून बांधतात, तिकडे गाडीच लिंबू निघते! अकरलॉफचे म्हणणे थोडक्यात असे: गाडी कशी आहे हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना मधला भाव देतो. मधला भाव चांगल्या गाडीच्या मालकाला परवडत नाही. तो आपली गाडी विकायलाच काढत नाही. मग बाजारात वाईट गाड्यांचे प्रमाण वाढते, त्यामुळे भाव आणखी उतरतो आणि उरल्यासुरल्या बऱ्या गाड्याही निघून जातात. हा निबंध आधी तीन नियतकालिकांनी नाकारला होता. पुढे २००१ साली अकरलॉफ यांना मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले.

तासाला हे ऐकताना मी टिपून घेतले होते, परीक्षेत लिहिलेही होते. पण गुरुजींच्या ओसरीवर ती वही हातात धरल्यावर ते मला समजले. गाडी चांगली असणे पुरेसे नाही. ती चांगली आहे हे परक्या माणसाला पटावे लागते. ती वही म्हणजे तो पुरावा होता. अठरा वर्षे रोज थोडेथोडे खरे लिहिल्याशिवाय तो तयार होत नाही, म्हणून तो खोटा करणे कठीण. दलालाचा लाल रंग आठ दिवसांत लावता येतो. स्पेन्स यांनी ज्याला संकेत म्हटले तो हाच. आणि मामांचा थंड इंजिनावरचा तळहात, फडक्यातले लोहचुंबक, शेवटपर्यंत ओढलेला पट्टा हे तरी दुसरे काय? विकणाऱ्याला ठाऊक असलेले आणि आपल्याला ठाऊक नसलेले, यांतले अंतर कमी करण्याचे ते उपाय आहेत. मामांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मग त्या माणसानं गॅरेजात काम केलेलं असणार."

तपासणीचा एक भाग मात्र माझ्याकडे होता: कागद. नोंदणी पुस्तकावरचा चासी क्रमांक आणि गाडीवर ठोकलेला क्रमांक मी अक्षर अक्षर जुळवून पाहिला. कर्जाचा बोजा उतरलेला आहे का, विमा कधीपर्यंत आहे, दंडाची पावती बाकी आहे का, नवी सुरक्षा पाटी बसवली आहे का, हे पाहिले. खासगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे तपासणी करून पाच पाच वर्षे वाढते. ही २०२२ मध्ये वाढवून घेतली होती, म्हणजे २०२७ पर्यंत चिंता नाही. पण पुढे आहे. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीचे हे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी १०,०००. शिवाय पर्यावरण कर वेगळा. हा आकडा मी गुरुजींपुढे ठेवला. त्यांनी तो मान्य करून तीन हजार कमी केले. ५५ हजारांवर व्यवहार ठरला.

आप्पांना तरीही लाल गाडी स्वस्त वाटत होती. त्या रात्री जेवणानंतर मी त्यांच्यासमोर पाटीसारखे दोन रकाने आखले. लाल गाडी: ४५ हजार, मामांच्या अंदाजाने तळाचा पत्रा आणि वेल्डिंग १२ हजार, टायर १२ हजार, ६९ हजार, आणि तारांचे काय होईल ते देवाला ठाऊक. पांढरी गाडी: ५५ हजार, क्लच ५ हजार, पट्टा आणि तेल ३ हजार, ६३ हजार. आप्पांना वाचता येते ते अडखळत, पण आकड्यांत त्यांना कुणी फसवू शकत नाही. रोज शेकडो पोती मोजणारा माणूस तो. त्यांनी दोन्ही बेरजा बोटांवर करून पाहिल्या आणि मग विचारले, "आणि वाटेत बंद पडली तर? आई आत बसलेली असताना?" मी म्हटले, "तो खर्च रकान्यात मांडता येत नाही, आप्पा. म्हणूनच पांढरी." ते काही बोलले नाहीत. सकाळी त्यांनी भिशीचे पैसे काढून आणले.

पैसे देताना गुरुजींनी स्वतःच २९ आणि ३० क्रमांकाचे अर्ज सह्या करून ठेवले होते. गाडी नावावर करून घ्यायला आपल्याकडे लोक टाळाटाळ करतात. पण २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की नोंदणीत ज्याचे नाव तोच कायद्याने मालक. गाडी विकून टाकली तरी नाव बदललेले नसेल तर अपघाताची भरपाई त्याच्यावर येते. म्हणून ही घाई घेणाऱ्याइतकीच विकणाऱ्याच्याही हिताची. गाडी आईच्या नावावर केली. तिच्या नावावर शिलाई यंत्रानंतर झालेली ही दुसरी वस्तू.

वाचकमित्रहो, तुमच्यापैकी अनेकांच्या घरी माझ्यासारखेच पहिल्यांदा कुणी महाविद्यालयात आले असेल. आपण इथे आलो की घरातल्या माणसांचे ज्ञान आणि वर्गातले ज्ञान यांचे दोन वेगळे कप्पे करतो. एक सांगण्यासारखे, दुसरे लपवण्यासारखे. मला या व्यवहाराने एवढे दाखवले की दोन्हींचा प्रश्न एकच होता. मामांना पट्ट्यावरची रेघ दिसली, मला नोंदणीचे साल दिसले, आप्पांना न मांडलेला खर्च दिसला. एकट्याच्या पाहण्याने ती गाडी पारखता आली नसती.

गाडी आता धावते आहे. क्लच पाचव्या महिन्यात बदलला. गुरुजींचा अंदाज एका महिन्याने चुकला. वही त्यांनी गाडीबरोबरच दिली. तिची बरीच पाने कोरी होती, त्यांवर आता माझे अक्षर आहे: तारीख, किलोमीटर, काय बदलले, किती पैसे. कधीतरी ही गाडी आम्हीही विकू. घेणारा कोण असेल ठाऊक नाही, पण तोही बहुधा आमच्यासारखाच मोजके पैसे घेऊन येईल. त्याच्या हाती ही वही देता यावी म्हणून मागच्या आठवड्यात डाव्या दाराखाली दिसलेला गंजाचा रुपयाएवढा डागही मी त्यात तारखेसह लिहून ठेवला आहे.